कुत्र्याच्या वागण्याची वही

1980 च्या दशकात धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या अणदुरात कुत्र्याचा विषय निघाला की बोलणं चौदा इंजेक्शनांपाशी येऊन थांबायचं. पोटात घ्यायची ती इंजेक्शनं म्हणजे मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली सेम्पल लस. डेव्हिड सेम्पल यांनी तिची पद्धत 1911 मध्ये कसौलीला बसवली आणि आपल्याकडे ती जवळजवळ शतकभर टिकली. भारतात तिचं उत्पादन 2004 च्या अखेरीस थांबलं. आता दंडावर, चार-पाच खेपांत काम होतं. सुई बदलली तशी भीतीही ओसरली. पण कुत्रं चावलं का आणि चावण्याआधी ते काय सांगत होतं, हे कित्येक वर्षं कुणी विचारलंच नाही. 'पिसाळलं' किंवा 'वंगाळ निघालं' एवढ्यावर निकाल लागायचा.

तो प्रश्न आमच्या गावात, निदान आमच्या घरात, कसा आला आणि त्याने काय बदललं, ते लिहून ठेवावंसं वाटतं. कुत्र्याच्या वागण्याचा सल्ला देणारी माणसं पुण्या-मुंबईत असतात आणि ती श्रीमंतांसाठी असतात, अशी आमच्याकडची समजूत. माझा अनुभव तसा नाही.

खरं तर अणदूरला कुत्रं परकं नाही. हे खंडोबाचं गाव. देव एक आणि ठाणी दोन, अशी इथली रीत आहे. वर्षातले साधारण दहा महिने देव अणदुरात राहतो आणि मार्गशीर्षाच्या सुमाराला नळदुर्गाजवळ मैलारपूरला मुक्कामी जातो. खंडोबासोबत घोडा असतो तसं कुत्रंही असतं. खंडोबाला वाहिलेले वाघ्ये पूर्वी स्वतःला देवाचं कुत्रं मानून जत्रेत भुंकत आणि कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षापात्रातलं, अन्न तोंडाने खात. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला वाटा कुत्र्याला घालणारी घरं आजही आहेत. मराठी मुलखात कुत्र्याला इतका मान क्वचितच कुठे मिळाला असेल. पण सणाच्या दिवशी ज्याला रोडगा मिळतो, त्याच्याच पाठीत एरवी दगड बसतो, हेही मी लहानपणापासून पाहत आलो. श्रद्धेने कुत्र्याला जागा दिली. त्याचं मन जाणून घेण्याची सवय मात्र आपण लावून घेतली नाही.

ती सवय होती धनगरांना आणि तांड्यांवरच्या बंजाऱ्यांना. नळदुर्ग-अणदूरच्या टापूत तांडे बरेच. तिथली कुत्री बारीक कमरेची, लांब पायांची, ज्यांना आपण कारवानी म्हणतो आणि सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात नावारूपाला आणली आणि 2005 मध्ये टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं. पण तांड्यावर त्या कौतुकाशी कुणाला देणंघेणं नव्हतं. तिथे पिल्लू डोळे उघडल्यापासून माणसांत, लेकरांत, शेळ्या-मेंढ्यांत, बैलगाडीच्या चाकांमागे वाढायचं. धनगर तर पिल्लू कळपातच वाढवतात, म्हणजे मोठेपणी मेंढरू त्याला घरचं वाटतं. हे शहाणपण कुठे लिहिलेलं नव्हतं. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बार हार्बरच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षं पिल्लं पाहून 1965 मध्ये पुस्तक लिहिलं. पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यात जे त्याच्या ओळखीचं होतं ते जन्मभर ओळखीचं राहतं आणि जे राहून जातं ते परकं आणि भीतीचं ठरतं, हा त्यांच्या कामाचा गाभा. आमच्या माळावरच्या धनगराला हे वाचल्यावर नवल वाटलं नसतं.

मग गाव बदललं. पत्र्याची घरं स्लॅबची झाली, अंगणाला कंपाउंड आलं, गेट आलं आणि गेटाला कुत्रं बांधलं गेलं. 1990 च्या दशकात अल्सेशियन आले, पुढे डॉबरमन आणि उसाच्या पैशातून रॉटवायलरही. मार्च 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर पोलीस पथकातल्या 'झंजीर' या लॅब्रेडोरने स्फोटकांचे साठे शोधून दिले आणि शिकवलेलं कुत्रं काय करू शकतं हे घराघरांत पोचलं. त्यातून एक गैरसमजही रुजला. कुत्रं 'ट्रेन' केलं की झालं, बस म्हटलं की बसतं, म्हणजे ते चांगलं. पण बस म्हटल्यावर बसणारं कुत्रंही आतून घाबरलेलं असू शकतं. हुकूम ऐकणं वेगळं आणि मन स्वस्थ असणं वेगळं. झंजीर 2000 मध्ये गेला, तोवर गावोगावच्या गेटांमागे साखळीला बांधलेली कुत्री दिवसभर भुंकत होती आणि त्या भुंकण्यालाच राखण म्हटलं जात होतं.

त्याच सुमारास कायद्याची एक गोष्ट मला कळली आणि ती मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, ज्याच्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा राज्यसभेतला आग्रह होता, अगदी स्पष्ट लिहिलंय की नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मोकळं फिरवण्याची हयगय करणं हा मालकाचा गुन्हा आहे. आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधणंही गुन्हाच. पिल्लू 'तिखट' व्हावं म्हणून त्याचे कान कापण्याची रीत आमच्याकडे आहे. तो प्रकारही याच कायद्याने क्रूरपणा ठरतो. साठ वर्षांहून जुना हा कायदा गावात कुणाला ठाऊक नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

टीव्हीने आणखी एक कल्पना घरात आणली. तुम्ही कुत्र्याचे 'बॉस' व्हा, त्याला दाबून ठेवा, नाहीतर ते तुमच्यावर चढेल. नंतर मोबाइलवर फुकटचा डेटा आला आणि असे व्हिडिओ पारावर बसून पाहिले जाऊ लागले. या कल्पनेचं मूळ बासेलच्या प्राणिसंग्रहालयात आहे. तिथे कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास करून रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये लिहिलं की कळपात वर्चस्वासाठी सतत झुंज चालते. डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ते जगभर नेलं. त्याच मेक यांनी पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये मोकळेपणाने मांडलं की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची लेकरं, एक कुटुंब. अनोळखी लांडगे एका पिंजऱ्यात कोंडले तर ते भांडणारच. आमच्यापासून फार लांब नाही, सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर आजही लांडगे आहेत. त्यांना पाहणाऱ्या कुणालाही मेक यांचं म्हणणं पटेल. तरीही त्या कोंडलेल्या लांडग्यांच्या नावाने आपल्या अंगणातल्या कुत्र्याला मार बसत राहिला.

आमच्या घरी हरणी आली ती मार्च 2020 च्या मध्यावर, तांड्यावरून. दोन महिन्यांची, पिवळसर, पायच पाय असलेली. आठवड्या-दहा दिवसांत टाळेबंदी लागली. सोलापूर-हैदराबाद महामार्ग आमच्या गावावरून जातो. रात्रंदिवस ट्रकांची घरघर हा अणदूरचा श्वासच. तो रस्ता एकाएकी गप्प झाला. पायी निघालेली माणसं तेवढी दिसायची. घरी पाहुणा नाही, शाळेला मुलं नाहीत, बाजार नाही, जत्रा नाही, हलगी नाही. पिल्लाने जग पाहायचे जे आठवडे असतात, त्या आठवड्यांत जगच बंद होतं. हरणीला आम्ही चार माणसं, आईची शेळी आणि मागचं शेत एवढंच ठाऊक झालं. जगभर त्या वर्षी वाढलेल्या पिल्लांची अशीच गोष्ट आहे. लंडनमध्ये जे घडलं ते अणदुरातही घडलं.

रस्ता पुन्हा सुरू झाला तेव्हा ती ट्रकचा हॉर्न ऐकून माजघरात धान्याच्या कणगीमागे शिरायला लागली. मोटारसायकल गेटासमोर थांबली की उलट धावून जायची. दूधवाल्याच्या पँटला तिने दात लावले. आणि यात्रा पुन्हा भरली, देव निघताना फटाके झाले, त्या रात्री ती थरथरत, लाळ गाळत पहाटेपर्यंत उभी होती. गल्लीतल्या जाणत्यांनी तीन उपाय सांगितले: साखळी, काठी, नाहीतर लांब नेऊन सोडणं. पुतण्या पुण्याला शिकायला. त्याने एका वर्तन-सल्लागार बाईंचा नंबर मिळवला. आम्ही त्यांना ताईच म्हणू लागलो.

मुंबईच्या शिरीन मर्चंट यांनी इंग्लंडच्या जॉन रॉजरसन यांच्याकडे शिकून आपल्याकडे या कामाला ओळख मिळवून दिली. 2018 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. त्यांच्यामागून आलेल्या पिढीतल्या आमच्या ताई. व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा बोलल्या तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी हुकूम शिकवतील. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. आधी हरणीला डॉक्टरांकडे न्या. आणि एक वही ठेवा.

डॉक्टरांकडे नेण्याचा आग्रह मला तेव्हा कळला नव्हता. गावच्या दवाखान्यात जनावरांचे डॉक्टर चांगले, पण त्यांचा सगळा दिवस गायी-म्हशींत जातो. म्हणून सोलापूरला नेलं. एक्स-रे काढल्यावर मागच्या पायाच्या खुब्यात जुनी दुखापत निघाली. ताई म्हणाल्या, "सर, ज्याला दुखतं त्याला आवाज जास्त लागतो." इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठात डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये हेच मांडलं आहे. आवाजाला भिणाऱ्या काही कुत्र्यांच्या भीतीमागे सांध्या-स्नायूंचं दुखणं असतं. आवाजाने दचकून अंग आखडतं, आखडलं की कळ येते, आणि पुढच्या वेळी आवाजाबरोबर कळेचीही आठवण होते. वागणुकीत एकाएकी बदल झाला की आधी दुखणं शोधायचं, हे या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. वेदनेवरचं औषध सुरू झाल्यावर हरणीचा अर्धा चिडचिडेपणा आपोआप उतरला.

वहीला तीन रकाने होते. आधी काय घडलं, मग हरणीने काय केलं, त्यानंतर काय झालं. 'चिडली', 'माजली', 'मुद्दाम केलं' असं काही लिहायचं नाही. डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं. शिक्षक असल्यामुळे नोंद ठेवणं मला नवं नव्हतं, पण अशी नोंद नवीन होती. थोड्याच दिवसांत वही बोलायला लागली. दूधवाला रोज येतो, हरणी रोज भुंकते आणि दूधवाला रोज जातो. तो दूध घालून जात होता. हरणीच्या हिशेबात मात्र तिने भुंकून त्याला घालवलं होतं. म्हणून रोज तिचा जोर वाढत होता. मोटारसायकलचंही तसंच. दावणीला बांधून किंवा मारून हा हिशेब पुसला जात नाही, कारण त्यात भीती कमी होत नाही, उलट मारणाऱ्याची भीती वाढते.

मग काम सुरू झालं ते अंतराचं. महामार्गापासून इतक्या लांब उभं राहायचं की हरणीला ट्रक दिसेल, कान टवकारतील, पण ती अजून खाऊ शकेल. आमच्या शेताच्या शेवटच्या बांधावर ती जागा सापडली. ट्रक दिसला की लगेच खव्याचा हरभऱ्याएवढा गोळा तिच्या तोंडात. ट्रक गेला की खवा बंद. धाराशिव जिल्ह्याचा खवा नावाजलेला, पण त्याचा असा उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिने ट्रक पाहून आपणहून माझ्याकडे वळून बघायला सुरुवात केली, तेव्हा एक बांध पुढे. तिने खाणं नाकारलं की मागे. घाई नाही, ओढाताण नाही. हलगीचा आणि फटाक्यांचा आवाज फोनवर आधी इतका बारीक लावायचा की आपल्यालाच कष्टाने ऐकू यावा, आणि तिच्या भाकरीच्या वेळी लावायचा. आवाज हळूहळू वाढवायचा. यात काही महिने गेले. ज्याला झटपट हवं त्याने हे काम हाती घेऊ नये.

आई सुरुवातीला हे सगळं लांबून बघायची. हरणी गुरगुरली की "गप!" म्हणायची. ताईंनी तिला समजावलं, "काकू, गुरगुरू द्या. ती सांगतेय की आता पुरे. सांगणं बंद केलंत, तर पुढच्या वेळी न सांगता चावेल." आईला ते पटलं आणि तिने ते गल्लीला पटवलं. कुत्रं ओठ चाटतं, विनाकारण जांभई देतं, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवतं, अंग ताठ करून थिजतं. ही सगळी चावण्याच्या आधीची बोलणी आहेत. शाळेत मी मुलांना हे चित्र काढून शिकवलं आणि अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, नजर पायाकडे, हेही करून घेतलं. पळणाऱ्याच्या मागे धावणं कारवानी कुत्र्याच्या रक्तात आहे. पळू नका म्हणणं सोपं, पण मुलांकडून दहा वेळा करून घेतल्याशिवाय ते अंगात मुरत नाही.

मुसक्याबद्दल लिहायलाच हवं. मळणीच्या बैलाला बांधायचं मुसकं आपल्याला माहीत आहे. कुत्र्याचं जाळीचं मुसकं असं असतं की त्यातून ते धापू शकतं, पाणी पिऊ शकतं. ते शिक्षा म्हणून घालायचं नाही. त्यात खवा लावून कुत्र्याला आपणहून तोंड घालायला शिकवायचं. हरणी आता मुसकं दिसलं की शेपटी हलवते, कारण मुसकं म्हणजे बाहेर जाणं. बाजारात नेताना ते घालतोच. तिच्यावर अविश्वास आहे म्हणून नाही. गर्दीत कुणाचं लेकरू एकदम गळ्यात पडलं तर दोघांनाही धोका नको म्हणून.

फटाक्यांच्या रात्रीसाठी डॉक्टरांनी घबराट कमी करणारं औषध दिलं. हा निर्णय डॉक्टरांचाच असतो, सल्लागाराचा नाही, आणि औषध परस्पर दुकानातून आणून द्यायचं तर अजिबात नाही. नुसतं अंग लुळं पाडणारं जुन्या पद्धतीचं गुंगीचं औषध दिलं तर कुत्रं निपचित पडतं, पण आतली भीती तशीच राहते. हरणीसाठी माजघराची खिडकी गोधडीने झाकतो, पंखा मोठ्याने लावतो आणि आई तिच्याजवळ बसते. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, ही समजूत खोटी आहे. आधार दिल्याने भीती वाढत नाही.

या काळात गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांकडेही मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतातल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. 2016 मध्ये त्यांनी दाखवलं की त्यांनी पाहिलेल्या पिल्लांपैकी सुमारे 81 टक्के वयात येण्याआधीच मेली आणि त्यातल्या बहुसंख्य मृत्यूंमागे माणसाचा हात होता. गाडीखाली येणं, मारणं, विष घालणं. दुसऱ्या अभ्यासात त्यांना दिसलं की अनोळखी माणसावर विश्वास बसायला अन्नापेक्षा मायेने थोपटणं जास्त उपयोगी पडतं. ज्या जिवाची पाचातली चार लेकरं मरतात, त्याला थोपटणंच जास्त मोलाचं वाटतं, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. मोकाट कुत्र्यांचा प्रश्न खरा आहे, लेकरं चावली जातात, रेबीज झाला की माणूस वाचत नाही. 2001 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये केंद्राने नसबंदी आणि लसीकरणाचे नियम केले. ते अणदूरसारख्या गावात नीट पोचले तरच दोन्ही बाजूंची मरणं थांबतील.

सल्लागाराच्या मर्यादाही सांगायला हव्यात. आपल्याकडे हे नाव लावायला कायद्याने कुठली पात्रता लागत नाही, त्यामुळे गळ्यात काट्याची किंवा विजेचा झटका देणारी पट्टी घालायला सांगणारेही स्वतःला सल्लागार म्हणवतात. चांगला सल्लागार आधी डॉक्टरांकडे पाठवतो, भरपूर प्रश्न विचारतो, 'शंभर टक्के बरं करतो' असं म्हणत नाही आणि वेदना देत नाही. ताईंनी कधी चमत्काराचं वचन दिलं नाही. हरणी आजही अनोळखी माणसाच्या पायाशी लोळत नाही, आणि तिने लोळावं असं आम्हाला वाटतही नाही. ट्रक गेला तर ती मान वर करून बघते आणि पुन्हा झोपते. दूधवाला आता येताना खिशात शेंगदाणे आणतो.

मला मनापासून वाटतं ते एवढंच. याच अणदुरात डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने दाखवून दिलं की थोडंच शिकलेली गावची बाई भारतवैद्य होऊन गावाचं आरोग्य सांभाळू शकते. कुत्र्याच्या वागण्याचंही तसंच ज्ञान गावात रुजू शकतं. तांड्यावरच्या म्हाताऱ्याला आणि माळावरच्या धनगराला त्यातलं निम्मं आधीच येतं. उरलेलं निम्मं पशुवैद्यकीय दवाखान्याने, शाळेने आणि फोनवरच्या एखाद्या ताईने मिळून शिकवावं. त्यासाठी मोठा पैसा लागत नाही.

पिल्लू आणणार असाल तर दोन महिन्यांच्या आत ते आईपासून तोडू नका. आणल्यावर पुढचा महिना-दीड महिना त्याला कडेवर घेऊन रस्ता, ट्रक, बाजार, छत्रीवाली माणसं, शाळेची मुलं, हलगी, सगळं लांबून दाखवा, आणि ते घाबरलं तर मागे या. त्याचे कान कापू नका, त्याला गेटाला बांधून ठेवू नका. तिसरा महिना पूर्ण झाला की रेबीजची लस टोचून घ्या, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. आणि कुठलंही कुत्रं कधी चावलंच, तर हळद-चुना न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.